शेवट तेवढा सांगून टाकत जा

गेल्या रविवारी दुपारी मी एका जाडजूड रहस्यकादंबरीच्या शेवटच्या 41 पानांपाशी येऊन पोचले होते. तीन आठवडे रोज थोडं थोडं वाचून इथवर आले होते आणि ही पानं मुद्दाम रविवारसाठी राखून ठेवली होती. सगळी कामं उरकली, फोन उपडा ठेवला, पाय वर घेतले. फोन उपडा ठेवला होता, बंद केला नव्हता. चूक माझीच. तो थरथरला आणि मी पाहिलं. आमच्या पुस्तकवाल्या ग्रुपवर एका दादांनी मला उद्देशून लिहिलं होतं : ‘ताई, ते वाचताय ना सध्या? जबरदस्त आहे. धाकट्या बहिणीचा तर मला शेवटपर्यंत संशय आला नाही हो!!’

दोन उद्गारचिन्हं आणि पुढे एक लाल बदाम.

तेव्हापासून मी चिडलेली बिडलेली अजिबात नाही. उलट माझे डोळे उघडले. ज्यांना आपण कधी प्रत्यक्ष भेटलोही नाही, अशा मित्रमैत्रिणींशी पुस्तकांवर आणि मालिकांवर गप्पा कशा माराव्यात, हे आम्ही इतकी वर्षं चुकीचंच करत आलो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे चार शब्द.

सगळ्यात आधी, समोरचा माणूस कुठवर आलाय हे कधीही विचारू नका. विचारलं की तो सांगतो. सांगितलं की ते लक्षात ठेवावं लागतं. मग बोलताना आपल्यालाच अडखळायला होतं. त्यापेक्षा जे आपण काल रात्री संपवलं ते अख्ख्या जगाने काल रात्रीच संपवलं, असं धरून चाला.

शेवट सरळ सांगायला जीव धजत नसेल, तर त्याची एक नाजूक पद्धत आहे. वाक्याची सुरुवात ‘मी काही सांगत नाही, पण’ अशी करा. ‘मी काही सांगत नाही, पण सहावा एपिसोड एकटीने बघू नकोस.’ ‘मी काही सांगत नाही, पण त्या नवऱ्यात फार जीव गुंतवू नकोस.’ ‘काहीच सांगत नाही, फक्त शेवटी असला ट्विस्ट आहे ना!’ झालं. आता समोरचा माणूस पहिल्या एपिसोडपासून पोस्टमनकडेसुद्धा संशयाने बघायला लागतो. नवरा जितका गोड वागेल तितकं याला रडू येतं. तुम्ही मात्र नामानिराळे, कारण तुम्ही काही सांगितलंच नव्हतं.

पुस्तक अर्धवट सोडलं असेल, तर मत पूर्ण द्या.

मालिका दीडपट वेगाने बघा आणि सगळी पात्रं फार घाईघाईने बोलतात अशी तक्रार करा.

कोणी ‘सध्या मन जरा खचलंय, काहीतरी हलकंफुलकं सुचवा’ असं म्हणालं, की आपली सगळ्यात आवडती दहा भागांची मालिका सुचवा, मग तिच्यात दर भागात दोन मुडदे का पडेनात. वर ‘अजून बघितली नाहीस???’ हे विचारायला विसरू नका. प्रश्नचिन्हं तीन तरी हवीतच. एक असलं की माणूस नुसतं ‘नाही’ म्हणतो, तीन असली की त्याला शरम वाटते.

‘स्पॉयलर अलर्ट’, म्हणजे ‘सावधान, इथे शेवट सांगितलाय’ ही पाटी लावायची वेळ आलीच, तर ती मजकुराच्या शेवटी लावा. सुरुवातीला लावली की लोक वाचायचे थांबतात, मग लिहून उपयोग काय? पूर्वीच्या माणसांना ही साधी अक्कल नव्हती. 1980 च्या दशकात यूजनेट या संगणकावरच्या जुन्या चर्चा-कट्ट्यावर गप्पा मारणारे लोक असला मजकूर रॉट13 नावाच्या युक्तीने झाकून ठेवायचे. इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर 13 घरं पुढे सरकवायचं. अक्षरं 26, त्यामुळे तीच क्रिया पुन्हा केली की मजकूर जागेवर. म्हणजे शेवट जाणून घ्यायचा असेल तर वाचणाऱ्याने स्वतः होऊन तो उलगडायचा. नकळत डोळ्यावर येऊन आदळायची सोयच नाही. अक्षरं सरकवत बसायचं, का, तर परक्या कुणाचा तरी रसभंग होऊ नये म्हणून! आणि आता? टेलिग्रामवर 2021 च्या अखेरीपासून हवे ते शब्द झाकता येतात, बोट लावलं तरच उघडतात. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मजकुराच्या आधी दोन आणि नंतर दोन उभ्या रेघा मारल्या की काम झालं. चार रेघा. पण रेघा मारायला आपण काय शाळेत आहोत?

चुकून काही निसटलंच, तर तो संदेश सगळ्यांसाठी डिलीट करा. त्यामुळे ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनाही कळतं की काहीतरी होतं. मग ‘काय होतं? काय होतं?’ सुरू होतं आणि कोणीतरी परोपकारी जीव पूर्ण तपशिलासह सांगून टाकतो.

‘पीडीएफ आहे का?’ हे केव्हाही विचारता येतं. पुस्तकाचं नाव नीट वाचायचीही गरज नाही.

मालिका एखाद्या कादंबरीवरून घेतलेली असेल, तर तुमचं भाग्य थोर. लोक रोज एक एक भाग बघत असतात, कोण वाचेल कोण मरेल याच्या पैजा लागत असतात, तेव्हा एक खोल सुस्कारा टाकून लिहा, ‘पुस्तकात हे वेगळं आहे.’ एवढ्यावर थांबू नका. वेगळं कसं, तेही सांगा. या बाबतीत ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या वाचकांचं काय करायचं ते मला कळत नाही. त्या गोष्टीत एक लग्न आहे. (पुढचं लिहीत नाही. मालिका 2019 मध्ये संपली, पण कोणीतरी आत्ता दुसऱ्या सीझनवर असेल.) ते लग्न कादंबरीत आलं 2000 साली, पडद्यावर आलं जून 2013 मध्ये. मधली 13 वर्षं पुस्तक वाचलेल्यांना सगळं ठाऊक होतं. आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी काय करावं? तोंडाला कुलूप लावलं! तो भाग लागला तेव्हा पुस्तक न वाचलेल्या मित्रांना समोर बसवून यांनी गुपचूप त्यांचे चेहरे कॅमेऱ्यात टिपले. ते व्हिडिओ नंतर जगभर फिरले. 13 वर्षं एक गोष्ट पोटात ठेवायची आणि मोबदला म्हणून मित्राचा पांढराफटक चेहरा बघायचा. आमच्या दादांनी काय मिळवलं? लाल बदाम पाठवला, तोही स्वतःच.

आता मुख्य मुद्दा. एवढं करूनही कोणी रागावलंच, तर काय उत्तर द्यायचं?

मी रागावले होते. ‘दादा, माझी 41 पानं राहिली होती,’ एवढंच लिहिलं. उत्तर आलं, ‘अहो ताई, ते पुस्तक येऊन आठ वर्षं झाली!’

हे पाठ करून ठेवा. आठ वर्षं झाली! म्हणजे पुस्तकांना औषधाच्या बाटलीसारखी मुदत असते, ती टळून गेली की आतलं रहस्य कोणीही रस्त्यावर ओतावं. किती असते हो ही मुदत? कोणी ठरवली? मालिकेला एक आठवडा आणि कादंबरीला सहा महिने, असं काही कोष्टक आहे का? मी गेल्या महिन्यात उघडलं म्हणजे ते पुस्तक माझ्यासाठी गेल्या महिन्यात आलं. जी पोरं आज पाळण्यात आहेत ती वीस वर्षांनी वाचतील, त्यांच्यासाठी ते वीस वर्षांनी येईल. त्यांनी काय जन्मल्याबरोबर वाचायला बसायचं होतं? लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ हे नाटक 1952 पासून चालू आहे. मधे साथीच्या काळात थिएटरं बंद राहिली तेवढा खंड पडला. प्रयोग संपला की नट प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. सत्तरहून जास्त वर्षं! दरवेळी नवा, अनोळखी जमाव, आणि त्याला दरवेळी तीच विनंती. ते नाही म्हणत, ‘अहो, 1952 सालचं आहे, आता काय त्याचं!’

दादांच्या मदतीला लगेच दुसरे एक सर धावून आले. त्यांनी 2011 मधल्या एका संशोधनाची बातमी डकवली. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना कथा तशाच वाचायला दिल्या, काहींना आधी शेवट सांगून दिल्या, आणि शेवट माहीत असलेल्यांना त्या सरासरीने जास्त आवडल्या. ‘त्यामुळे ताई, खरं तर तुम्ही दादांचे आभार मानायला हवेत.’ पुढे डोळा मारणारं तोंड.

सर, ते संशोधन मीही वाचलंय. त्यात 12 लघुकथा होत्या. एका बैठकीत संपणाऱ्या. तीन आठवडे वाहून आणलेल्या सहाशे पानी पुस्तकाच्या शेवटच्या टप्प्यावर पाठीमागून येऊन कोणी कानात ओरडलं तर किती आनंद होतो, हे त्यांनी मोजलेलं नाही. आणि शेवट कळल्यावर वाचायला मजा येते हे सांगायला विद्यापीठ कशाला हवं? तिला दुसरं वाचन म्हणतात. आवडलेलं पुस्तक आपण परत वाचतो ते त्यासाठीच : खुणा कुठे पेरल्या होत्या, लेखकाने आपल्याला कुठे चकवलं, कुठल्या वाक्याला आपण फसलो. ती मजा माझी होतीच, ती कुठे पळून जात नव्हती. दुसरं वाचन दहा वेळा करता येतं. पहिलं वाचन एकदाच मिळतं. ते माझं होतं, आणि ते तुम्ही बदाम पाठवून संपवलंत.

‘शेवटाचं काय एवढं, प्रवास महत्त्वाचा’ असं म्हणणारेही दोघं-तिघं निघाले. बरोबर. मग तुम्ही प्रवासाबद्दल का नाही बोललात? भाषेबद्दल बोला, त्या पावसाळी रात्रीच्या प्रकरणाबद्दल बोला, तो म्हातारा वकील कसला भारी रंगवलाय ते बोला. सहाशे पानांचा प्रवास सोडून नेमकं मुक्कामाचं ठिकाणच कसं तुमच्या तोंडी आलं?

‘स्पॉयलर’ हा शब्द या अर्थाने रुळला त्याची एक हकीकत आहे. 1971 मध्ये ‘नॅशनल लॅम्पून’ या अमेरिकन विनोदी मासिकात डग केनी यांनी याच नावाचा लेख लिहिला आणि त्यात गाजलेल्या पुस्तकांचे आणि सिनेमांचे शेवट धडाधड सांगून टाकले. कारण काय दिलं? वाचकांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून! तो विनोद होता हो. आमच्याकडे लोकांनी तो समाजकार्य म्हणून हाती घेतलाय.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. एकदा एका मैत्रिणीला, ती नुसती ‘तो मेला गं’ म्हणून हळहळत होती, तिला बरं वाटावं म्हणून मी ‘अगं, तो जिवंत आहे, पुढे येतो’ असं लिहून बसले. ती आठ दिवस बोलली नाही. मी माफी मागितली. ‘किती वर्षं झाली त्या मालिकेला’ असं म्हणाले नाही. सुचलंही नाही.

आता सल्ले पुरेत. दादा, सर, आणि ते दोघं-तिघं, तुम्हालाच सांगते. तुम्हाला पुस्तकाबद्दल बोलायचंच नव्हतं. तुम्हाला फक्त ते वाचून झालंय हे सांगायचं होतं. पुस्तकावर बोलायचं असतं तर समोर कोण आहे ते बघितलं असतंत. ‘ताई, कुठवर आलात?’ हे तीन शब्द आहेत. मोजा. त्याला ना संशोधन लागतं ना रॉट13. मी ‘41 पानं राहिली’ म्हटलं असतं, तुम्ही ‘मग संध्याकाळी बोलू’ म्हटलं असतंत, आणि संध्याकाळी मी तुमचं डोकं खाल्लं असतं दोन तास, धाकट्या बहिणीवरून. तुम्हालाच हवी होती ना ती गप्पा मारणारी मी? लोकांना आजूबाजूला पुस्तकावर बोलायला माणूस मिळत नाही म्हणून ते इथे येतात. मीही त्यासाठीच आले. आणि तुम्ही माझं तोंडच बंद केलंत, कारण तुम्हाला सहा तास धीर धरवला नाही. सहा तास! लोकांनी 13 वर्षं धरला.

निदान ‘चुकलं’ म्हणा. वर्षं मोजू नका, बातम्या डकवू नका, डोळे मारू नका. चुकलं म्हणा आणि गप्प बसा.

ती 41 पानं मी काल रात्री संपवली. दुसऱ्याने आधीच सोडवून ठेवलेलं शब्दकोडं बघावं तशी. खुणा सगळ्या जागच्या जागी होत्या, फार सुंदर पेरल्या होत्या, आणि प्रत्येक खुणेपाशी दादा उभे होते. पुस्तकाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. आणि घाबरू नका, पावसाळी रात्र, वकील आणि धाकटी बहीण हे तिन्ही मी बदलून घातलेत. तुमच्यापैकी कोणीतरी आत्ता त्याच्या दोनशेव्या पानावर असेल.