रे चार्ल्सवर जॉर्जियाने बंदी घातली नव्हती

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर तीन वेगवेगळ्या ग्रुपवर माझ्यापर्यंत आला. पियानोसमोर काळा चष्मा घालून हसणाऱ्या रे चार्ल्स या अमेरिकन गायक-पियानोवादकाचा फोटो, आणि खाली साधारण असं लिहिलेलं: ‘जन्मांध रे चार्ल्स. संगीताचा एक धडाही कधी घेतला नाही, लहानपणी रस्त्यावर गाऊन पोट भरलं. मोठा झाल्यावर आपल्या जन्मभूमीवर ‘जॉर्जिया’ हे गाणं लिहिलं. 1961 साली काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणाऱ्या कार्यक्रमात गायला त्याने एकट्याने नकार दिला, म्हणून जॉर्जिया राज्याने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. 18 वर्षं त्याने तिथे पाऊल ठेवलं नाही. अखेर 1979 मध्ये विधिमंडळाने त्याची माफी मागितली. आयुष्यात कधीही तडजोड न केलेल्या कलावंताला सलाम!’

पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नाही. त्यातल्या एका काकांना मी चांगलं ओळखतो, त्यांना मनापासून भरून आलं होतं. पण मी गेली वीस वर्षं या माणसाची गाणी ऐकतो आहे, आणि या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. चूक नुसत्या तपशिलाची असती तर मी गप्प बसलो असतो. इथे ज्यांनी कष्ट केले, धोका पत्करला, त्यांचं श्रेय भलतीकडेच जातंय. म्हणून एकेक वाक्य घेतो.

जन्मांध. नाही. 23 सप्टेंबर 1930 रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावी जन्मलेल्या रे चार्ल्स रॉबिन्सनला व्यवस्थित दिसत होतं. तान्हा असतानाच तो आईबरोबर फ्लोरिडातल्या ग्रीनव्हिल या छोट्या गावी आला आणि तिथेच वाढला. चार-पाच वर्षांचा असताना दृष्टी अधू होऊ लागली आणि सातव्या वर्षापर्यंत पूर्ण गेली. काचबिंदू हे त्याचं कारण मानलं जातं. म्हणजे रंग, आईचा चेहरा, आकाश हे सगळं त्याने पाहिलेलं होतं. त्याने आणखी एक गोष्ट पाहिली होती. तो पाचेक वर्षांचा असताना धाकटा भाऊ जॉर्ज कपडे धुण्याच्या मोठ्या टबमध्ये पडला. रेने त्याला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला, पण ओल्या कपड्यांसकट ते वजन त्याला पेललं नाही. जॉर्ज गेला. हे दृश्य शेवटपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे राहिलं. ‘जन्मांध’ हा एक शब्द त्याच्या आयुष्यातली ही सात वर्षं पुसून टाकतो.

आता ‘एक धडाही घेतला नाही’. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. आपल्याकडे दृष्टी नसलेल्या माणसाला लगेच प्रज्ञाचक्षू म्हणायची आणि ‘देवाने डोळे नेले पण गळा दिला’ असं म्हणून हात जोडायची सवय आहे. त्यात आदर असतो, मान्य. पण एवढं म्हटलं की त्या माणसाने केलेली मेहनत मोजायची गरजच उरत नाही.

रेची आई रीथा लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. मुलाचे डोळे जाणार हे कळल्यावर तिने त्याला लाकडं फोडायला, पाणी भरायला, फरशी घासायला लावलं. शेजारीपाजारी नावं ठेवत, आंधळ्या पोराला काय राबवतेस म्हणत. ती बधली नाही. आपण कायम असणार नाही हे तिला माहीत होतं. 1937 मध्ये तिने त्याला सेंट ऑगस्टीनच्या अंध आणि बधिर मुलांच्या सरकारी शाळेत पाठवलं. आठ वर्षं तो तिथे शिकला. त्या शाळेतही काळ्या आणि गोऱ्या मुलांचे विभाग वेगळे होते. ज्यांना रंग दिसतच नाही अशा मुलांनासुद्धा रंगावरून वेगळं ठेवलेलं होतं.

तिथे तो ब्रेलमधली स्वरलिपी शिकला. हे कसं चालतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. डोळस विद्यार्थी समोरच्या कागदावर नजर ठेवून दोन्ही हातांनी वाजवतो. ब्रेल वाचायलाच बोटं लागतात, त्यामुळे वाचणं आणि दोन्ही हातांनी वाजवणं एकाच वेळी जमत नाही. उजव्या हाताच्या चार-सहा मात्रा बोटांनी चाचपायच्या, पाठ करायच्या, वाजवून पाहायच्या. मग डाव्या हाताच्या तेवढ्याच मात्रा चाचपायच्या, पाठ करायच्या. मग दोन्ही हात जुळवायचे आणि पुढच्या ओळीकडे जायचं. बाख, मोझार्ट, शोपँ तो असा शिकला. एकेक रचना पूर्ण डोक्यात घेतल्याशिवाय हातात यायचीच नाही. पुढे मोठ्या बँडसाठी प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र भाग मनात रचून, दुसऱ्याला एकेक स्वर सांगत लिहून घेणारा रे चार्ल्स या तालमीतून तयार झाला. शिवाय शाळेत जायच्या आधीच ग्रीनव्हिलच्या रेड विंग कॅफेचे मालक वायली पिटमन त्या चिमुरड्याला मांडीवर घेऊन बूगी-वूगी ही पियानोची ठेकेबाज शैली शिकवत होते. आणि 1948 मध्ये सिअ‍ॅटलला गेल्यावर याच ‘न शिकलेल्या’ मुलाने स्वतःहून लहान असलेल्या, पुढे नामवंत संगीतकार झालेल्या क्विन्सी जोन्सला वाद्यवृंदासाठी रचना कशी बांधायची याचे धडे दिले. क्विन्सीने हे आयुष्यभर सांगितलं.

रस्त्यावर गाऊन पोट भरल्याचं म्हणाल, तर आत्मचरित्रात तो स्पष्ट सांगतो की तीन वस्तू आपल्याला कधीच नको होत्या: कुत्रा, काठी आणि गिटार. अंध माणूस आणि गिटार म्हटलं की कोपऱ्यावर भीक मागणारा डोळ्यांसमोर येतो, म्हणून. 1945 मध्ये आई गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. शाळा सोडून तो जॅक्सनव्हिलला गेला आणि वादकांच्या युनियनच्या हॉलमध्ये जाऊन काम मागू लागला. उपाशी राहिला, पण बँडमध्ये पैसे घेऊन वाजवणारा कलाकार म्हणूनच.

‘जॉर्जिया’ गाणं त्याने लिहिलेलं नाही. ते 1930 सालचं आहे, म्हणजे त्याच्या जन्माच्या वर्षातलं. चाल होगी कारमायकेलची, शब्द स्टुअर्ट गोरेल यांचे, आणि दोघेही इंडियानाचे. रेचा ड्रायव्हर त्याला गाडीत ते गुणगुणताना ऐकायचा. एवढं आवडतं तर रेकॉर्ड का करत नाहीस, असं त्याने सुचवलं, आणि 1960 मध्ये न्यूयॉर्कला ते ध्वनिमुद्रित झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

तरीही ते त्याचं का वाटतं, हे कानांनी तपासता येतं. मागे व्हायोलिनं आणि कोरस अगदी गुळगुळीत, सिनेमातल्यासारखे वाहतात. त्यावर हा येतो तो किंचित मागून, ठेका पुढे गेल्यावर. राज्याचं नाव तो नुसतं उच्चारत नाही. शब्द मध्येच खरखरतो, तुटतो, पुन्हा सांधला जातो. चर्चमध्ये साक्ष देणारा माणूस जसा एका नावावर अडून बसतो तसं. गाणं लिहिणं आणि गाणं आपलंसं करणं या दोन वेगळ्या कामगिऱ्या आहेत. त्याने दुसरी केली, आणि ती एवढी मोठी आहे की तिला पहिलीचा आधार लागत नाही.

आता ‘कधीही तडजोड केली नाही’. अमेरिकेच्या दक्षिणेत कार्यक्रम करणाऱ्या त्या काळच्या प्रत्येक काळ्या कलाकारासारखेच त्यानेही 1961 च्या आधी वर्षानुवर्षं वेगळं बसवलेल्या प्रेक्षकांपुढे कार्यक्रम केले. दुसरा मार्गच नव्हता. बँड पोसायचा तर तेच हॉल घ्यावे लागत. त्याची कारकीर्द पालटणारं ‘आय हॅव गॉट अ वुमन’ हे गाणं नोव्हेंबर 1954 मध्ये ॲटलांटात ध्वनिमुद्रित झालं, तेही जॉर्जिया टेक या तंत्रशिक्षण संस्थेच्या रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत. या संस्थेने पहिले काळे विद्यार्थी घेतले ते 1961 मध्ये. चर्चच्या गाण्याची चाल उचलून त्यावर प्रेमाचे शब्द चढवणारं, रिदम अँड ब्लूजला सोल संगीताकडे नेणारं ते गाणं अशा जागी जन्मलं. आणि 1981 मध्ये, वर्णद्वेषी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्काराची हाक असताना, तो दक्षिण आफ्रिकेत जाऊन गायला. त्याच्यावर टीका झाली आणि ती रास्त होती असं मला वाटतं. त्याच्यावर माझं प्रेम आहे म्हणून मी हे झाकणार नाही.

हे सगळं माहीत असलं की 1961 चा नकार जास्त मोठा वाटतो. ज्याने आजवर चालवून घेतलं होतं, त्याने त्या दिवशी नाही म्हटलं. आणि ते त्याने ‘एकट्याने’ केलेलं नाही, हा या मजकुरातला सगळ्यात मोठा अन्याय आहे.

15 मार्च 1961. जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरातल्या बेल ऑडिटोरियममध्ये नृत्याचा कार्यक्रम ठरला होता. खाली नाचायची मोठी जागा फक्त गोऱ्यांसाठी. काळ्यांनी मागच्या म्युझिक हॉलच्या बाल्कनीत बसून पाहायचं. ऑगस्टातच पेन कॉलेज हे काळ्या विद्यार्थ्यांचं महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी रेला ही व्यवस्था कळवली. विद्यार्थी होते ते. त्यांना त्याच शहरात राहायचं होतं, शिकायचं होतं, दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यांवरून चालायचं होतं. रेने कार्यक्रम रद्द केला, का केला ते जाहीरपणे सांगितलं आणि शहर सोडलं. आत्मचरित्रात तो लिहितो की आयोजकाला त्याने सांगितलं, वेगळंच बसवायचं तर माझी माणसं खाली बसवा, मला इथवर त्यांनीच आणलंय. आयोजकाने खटला भरण्याची धमकी दिली. रे हटला नाही. आयोजकाने खटला भरला आणि रे हरला. 14 जून 1962 रोजी ॲटलांटातल्या न्यायालयाने करार मोडल्याबद्दल त्याला 757 डॉलर भरायला लावले.

विद्यार्थ्यांनी कळवलं नसतं तर तो कार्यक्रम आधीच्या शेकडो कार्यक्रमांसारखा पार पडला असता. मजकुरात मात्र त्यांचा उल्लेख नाही.

माफीचं काय? 7 मार्च 1979 रोजी रे चार्ल्स जॉर्जियाच्या विधिमंडळात खरोखर गेला आणि तिथे हे गाणं गायला. 24 एप्रिलला ते अधिकृत राज्यगीत झालं. त्याच वर्षी जॉर्जियाच्या संगीत सन्मान दालनात त्याला स्थान मिळालं. तो गौरव होता, आणि योग्य होता. पण उठवायला बंदीच नव्हती, त्यामुळे बंदीबद्दल माफी मागण्याचा प्रश्न येत नाही. बंदी आणि माफीचा हा प्रसंग लोकांच्या मनात बसला तो 2004 च्या ‘रे’ या चित्रपटामुळे. जेमी फॉक्सचं काम त्यात अप्रतिम आहे, त्याला ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण चित्रपटाला शेवटाकडे एक समेट हवा होता, म्हणून तो रचला गेला. त्याचा परिणाम वाईट होतो. राज्याने जे केलंच नाही त्याबद्दल त्याला क्षमा मिळून जाते. जे पिढ्यान्‌पिढ्या कायदे करून केलं, बाकं वेगळी, नळ वेगळे, शाळा वेगळ्या, त्याचा हिशेब या सुखान्तात दिसेनासा होतो. शिवाय बंदीच्या गोष्टीत शिक्षा एका प्रसिद्ध गायकाला झालेली दिसते. खऱ्या गोष्टीत रोजची शिक्षा भोगणारे लोक बाल्कनीत बसणारे होते.

बंदी नव्हती याचा पुरावा शोधायला दूर जावं लागत नाही. विधिमंडळाने किंवा कुठल्या अधिकाऱ्याने तसा हुकूम काढल्याची नोंद नाही. 757 डॉलरचा निकाल दिवाणी होता, आयोजक आणि कलाकार यांच्यातल्या कराराचा. आणि ज्याने म्हणे 18 वर्षं जॉर्जियात पाऊल ठेवलं नाही, तो निकालानंतर दीड वर्षही उलटायच्या आत ऑगस्टालाच परतला होता. 23 ऑक्टोबर 1963 रोजी, त्याच बेल ऑडिटोरियमच्या मंचावर, रेलेट्स या आपल्या साथगायिकांना बरोबर घेऊन तो गायला. त्या रात्री प्रेक्षकांना रंगावरून वेगळं बसवलेलं नव्हतं.