उसातले जिवाणू आणि युरिया
उसाला हवेतला नत्र (नायट्रोजन) देणाऱ्या जिवाणूंवरचा हा लेख छान आहे पण 'जिवाणू लावा आणि युरिया विसरा' असं जे शेवटी लिहिलंय ते काही पटलं नाही बुवा. उसातला अॅसिटोबॅक्टर हा जिवाणू सोयाबीनच्या रायझोबियम जिवाणूसारखा मुळावर गाठी करून बसत नाही, तो थेट कांडीच्या आत पेशींच्या मधल्या जागेत गोड रसात राहतो आणि तिथंच हवेतला नत्र उसाला देतो. ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर बाईंच्या टीमनं १९८८ साली हा उसातून शोधून काढला.

आपल्याकडची शिफारस सुद्धा युरियासारखं नत्राचं खत ५० टक्के कमी करा अशी आहे, बंद करा अशी नाही. आणि खरी गोम बेणेप्रक्रियेत, म्हणजे लागणीआधी उसाच्या बेण्याला औषध-जिवाणू लावण्यात आहे. हेक्टरी १० किलो अॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) १०० लिटर पाण्यात कालवून टिपऱ्या (लागणीसाठी तोडलेले उसाचे तुकडे) अर्धा तास बुडवायच्या. पण त्याआधी बुरशीनाशक आणि कीटकनाशकाची बुडवण १०-१५ मिनिटं, मग टिपऱ्या सावलीत निथळू द्यायच्या आणि नंतरच जिवाणू. आमच्याकडं गडी माणसं वेळ वाचवायला दोन्ही एकाच टाकीत ओततात, मग जिवाणू मेले की दुकानदाराच्या नावानं शिमगा!

अजून एक, जिवाणू लावून वर पोत्यानं युरिया ओतला तरी उपयोग नाही कारण फुकटचा नत्र भरपूर मिळाला की हे जिवाणू काम कमी करतात. आणि पाकिटावरची तारीख बघून घ्या राव, उन्हात ठेवलेलं तर घेऊच नका.