कणकुंबी ते अथणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'आपल्या भागातल्या शेतीचे प्रकार' या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फिरती शेती, पोटापुरती शेती, मग नगदी पिकं आणि शेवटी यंत्राची शेती या माणसाच्या प्रगतीच्या पायऱ्या आहेत. मागच्या पायऱ्या संपायच्याच असतात. मी कुमरी (घाटातली फिरती शेती), धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत भात पेरणं), नाचणी, खपली गहू यांना आजच्या उसाशेजारी बसवलं, म्हणजे गरिबीचं कौतुक केलं. तुम्ही चिकोडी भागात ऊस करता, ठिबक केलंय, आणि 'आमच्या आजोबांचे हाल तुम्ही पाहिले नाहीत' असंही लिहिलंय.

हालांबद्दल आपलं दुमत नाही. मोटेवर उभं राहून वाफे भिजवणं, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोप लावणं, भांगलणीत बायांची पाठ मोडणं, यातलं काहीही परत यावं असं मला वाटत नाही. पण पायऱ्यांचं चित्र मला मान्य नाही, आणि त्याचं कारण आपला बेळगाव जिल्हाच आहे.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मलप्रभा तिथेच उगम पावते. तिथून पूर्वेला अथणीकडे निघालात तर एका दिवसाच्या एसटी प्रवासात पाऊस सहाशे मिलिमीटरच्या खाली येतो. वाटेत तांबडी माती सुटते आणि काळी लागते. घाटाकडे भात, नाचणी, काजू. बेळगाव तालुक्यात भात, रताळी, बटाटे, भाजीपाला. निपाणीकडे तंबाखू आणि आता सोयाबीन. पूर्वेला शाळू, हरभरा, आणि पाणी पोचलं तिथे ऊस. कणकुंबीचा शेतकरी मागे राहिला म्हणून तो ऊस लावत नाही, असं आहे का? आणि अथणीच्या कोरडवाहू पट्ट्यातला माणूस भात विसरलाय का? ज्याच्या त्याच्या पावसाला आणि मातीला ज्यानं त्यानं शोधलेलं उत्तर आहे हे.

आता कुमरी. तुम्ही लिहिलंत, ती आपोआप संपली कारण लोक शहाणे झाले. तसं झालेलं नाही. घाटातली माणसं हिवाळ्यात उतारावरची झाडं तोडायची, वाळलेला पाला-फांद्या पावसाआधी पेटवायची आणि त्या राखेत नाचणी टाकायची. दोन-तीन पिकं घेतली की जागा सोडायची, रान परत वाढू द्यायचं. इंग्रजांना रेल्वेसाठी आणि जहाजांसाठी लाकूड हवं होतं, जंगलाचा महसूल हवा होता. एकोणिसाव्या शतकात त्यांनी कुमरीवर बंधनं घातली, आणि १८७८च्या वन कायद्यानं राखीव जंगलाची चौकट पक्की केली. कुमरीनं रान उघडं पडत होतं की नाही यावर वाद घालता येईल, मी तो टाळत नाही. पण ती शेती कायद्यानं बंद पडली. पायऱ्यांचा इतिहास सांगताना ही गोष्ट गाळली, तर ज्यांची जमीन गेली त्यांच्यावर आपण दुसऱ्यांदा अन्याय करतो.

'मागास' म्हणून तुम्ही ज्या धूळवाफेला बाजूला काढलंत, ती जरा जवळून पाहू. रोहिणी लागतात मेअखेरीला. जमीन कुळवून अगदी भुकटी केलेली असते. कुरी म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार; तिच्या चाड्यात मुठीनं भात सोडत बाई मागून चालते, दाणा नळ्यांतून फणामागे ओळीत पडतो. हात एका लयीत चालला नाही तर एका ओळीत दाटी होते आणि दुसरी मोकळी राहते, म्हणून चाड्यावर हात बसलेलीच बाई लागते. वळीव एखादा जोराचा आला तर वर पापुद्रा धरतो, कोंब अडतो, पुन्हा हलका कुळव मारावा लागतो. सगळं जमलं तर मृगाचा पाऊस लागेपर्यंत भात वर आलेलं असतं. तरवा (रोपं) टाकायला नको, लावणीची मजुरी नको, आणि पाऊस लांबला तरी चिखल कधी होईल याची वाट पाहायला नको. तण मात्र भाताबरोबरच उगवतं, म्हणून कोळपण आणि भांगलण चुकत नाही. भात कापलं की त्याच ओलीवर मसूर नाहीतर वाटाणा. पाटाचं पाणी नाही, विहीर नाही, आणि मसूर हवेतला नत्र मुळांच्या गाठीत धरून जमिनीला देऊन जातो. यात अडाणीपणा कुठे आहे?

कुरीबद्दल आणखी एक. १७९०च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या कॅप्टन हाल्कॉट नावाच्या अधिकाऱ्यानं इंग्लंडच्या कृषी मंडळाला कळवलं होतं की पेरणीयंत्र हा युरोपातला नवा शोध आहे असं तो समजत होता, पण इथले शेतकरी ते सर्रास वापरताना त्याला दिसले. म्हणजे आपली ही 'जुनी पद्धत' त्या काळी विलायतेत नवलाईची होती.

आणि ज्याला आपण पारंपरिक म्हणतो तेही एकेकाळी बाहेरूनच आलं. नाचणी आणि जोंधळा आफ्रिकेतून आले. दक्षिणेतल्या पहिल्या शेतकऱ्यांकडे, बळ्ळारीजवळच्या संगनकल्लूसारख्या ठिकाणी, चार हजार वर्षांपूर्वी बारीक तृणधान्यं, कुळीथ आणि मूग होते. मिरची, मका, बटाटा, रताळं, भुईमूग, तंबाखू ही सगळी अमेरिकेची पिकं. तंबाखू तर विजापूर दरबारात लवकर रुळली. १६०४च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग ती विजापूरहूनच अकबराकडे घेऊन गेला, आणि आपला मुलूख तेव्हा आदिलशाहीतच होता. पुढे निपाणीची बाजारपेठ त्या पानावर उभी राहिली. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी तिथे रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात माणसं मेली. नगदी पीक घेतलं म्हणजे शेतकरी वरच्या पायरीवर गेला, असं त्या घरांना जाऊन सांगता येईल का?

खपलीचंच बघा. पश्चिम आशियात माणसानं दहा हजार वर्षांपूर्वी जे गहू पहिल्यांदा पिकवले, त्यांतला हा एक. जगात बहुतेक ठिकाणी तो मागे पडला. आपल्याकडे कृष्णाकाठी तो अजून आहे, आणि कित्येकदा त्याच्या बांधाला को ८६०३२ या जातीचा ऊस उभा असतो. शेतकरी एकच, पाणी एकच. तो खपली ठेवतो कारण त्याच्यावर तांबेरा रोग सहसा येत नाही, आणि आज शहरातून भावही चांगला मिळतो. उतारा कमी, कोंडा सुटायला त्रास, हे त्यालाही माहीत आहे. तो हिशेब करूनच पेरतो.

उसाबद्दल तुम्ही रागावलात ते मला समजतं, म्हणून नीट सांगतो. घटप्रभेवरचा धुपदाळचा बंधारा १८९७चा, नंतर हिडकलचं धरण झालं, साखर कारखाने आले, आणि या पाण्यानं हजारो घरं वर आली. मुलं शिकली ती उसाच्या बिलावर. हे मी नाकारत नाही. पण काळ्या जमिनीत निचरा नसताना वर्षानुवर्षं पाट सोडून दिला की खालचे क्षार वर येतात, आणि मग त्या रानात ऊस सोडा, गवतही धड येत नाही. कृष्णाकाठची क्षारपड रानं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असतील. २०१९च्या पुरात एकाच पिकावर असलेल्यांचं वर्षच गेलं. ठिबक करून तुम्ही यातल्या अर्ध्या दुखण्यावर इलाज केलाय, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण ते करताना तुम्ही आजोबांचीच एक गोष्ट उचलली आहे: पाणी मोजून द्यायची.

पायऱ्यांच्या कल्पनेतला मोठा धोका मला बेळगावच्या दारातच दिसतो. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात बेळगाव बासमती पिकतो. शेजारून वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याला पूर आला की दरवर्षी तिथलं भात कुजतं, आणि बायपास, लेआउट यांसाठी जमीन मागायला आलेला माणूस तुमचंच वाक्य बोलतो: ही जुनी शेती, आज ना उद्या जायचीच. एकदा का एखाद्या शेतीला 'मागची पायरी' म्हटलं, की ती मोडायला वेगळं कारण द्यावं लागत नाही. नाला साफ करायची मागणी मग कोण ऐकणार?

शेवटी तुम्ही विचारलंय की नाचणी लावून खानापूरच्या माणसानं जगायचं कसं. नुसत्या नाचणीवर नाही. तो तसा जगतही नाही. त्याच्याकडे भात आहे, काजू आहे, म्हैस आहे, आणि मुलगा बेळगावात किंवा गोव्यात कामाला आहे. त्याला हवं आहे ते गव्यांपासून आणि रानडुकरांपासून संरक्षण, आणि नाचणीला जाहीर झालेला हमीभाव घाटातल्या खेड्यातही हातात पडेल अशी खरेदी.

तुमच्या ठिबकाबद्दल मला आणखी ऐकायचं आहे. लागण कोणत्या महिन्यात करता, सरी किती फुटांची ठेवता, खोडव्याला पाचट कुजवता की पेटवता, आणि शेजारचं रान क्षारपड असेल तर तुमच्या बांधापर्यंत त्याचा त्रास आलाय का? सवडीनं लिहा.