डोनाल्ड बर्ड विकला गेला नव्हता

गेल्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थोरल्या काकांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकलं. वर त्यांची स्वतःची एक ओळ : ‘चिरंजीवांनी जरूर वाचावे.’ चिरंजीव म्हणजे माझा भाचा. वय १९. चार वर्षं ट्रम्पेट शिकतोय आणि मन लावून शिकतोय. डिसेंबरात दोन लग्नांच्या रिसेप्शनला वाजवायचं त्यानं कबूल केलं होतं. सोमवारी रात्री त्याचा फोन आला : “मामा, मी त्यांना नको म्हणून कळवलं. मला डोनाल्ड बर्ड नाही व्हायचं.”

त्या वाक्यानं माझी झोप उडाली. काकांवर राग नाही. त्यांनी फॉरवर्डमधली रेकॉर्ड ऐकलेली नाही, नातवाच्या काळजीनं पाठवलं. राग आहे तो हे लिहिणाऱ्यावर. तोच मजकूर मला आणखी दोन ग्रुपांवर दिसला, म्हणून इथे सगळ्यांसमोरच उत्तर देतो.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. डोनाल्ड बर्ड हा जॅझमधला थोर ट्रम्पेटवादक. १९७३ साली पैशाच्या मोहात पडून त्यानं एका रात्रीत साधना सोडली, हार्वर्ड विद्यापीठातली प्राध्यापकी लाथाडली आणि ‘ब्लॅक बर्ड’ नावाचा गल्लाभरू सोल-फंक, म्हणजे नाचायला लावणाऱ्या ठेक्याचा, अल्बम काढला. संगीत दोन अडाणी, बाजारू निर्मात्यांच्या हाती दिलं. ब्लू नोट ही जॅझची नामवंत रेकॉर्ड कंपनी त्यानं बुडाली. आज बर्डचं नाव कोणी घेत नाही. आणि शेवटी तात्पर्य : ‘खरा कलावंत पैशाचा विचार करत नाही.’

हार्वर्डचं आधी उरकतो. बर्ड शिकवायचा ते हॉवर्ड विद्यापीठ, वॉशिंग्टनमधलं, कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी नावाजलेलं. हार्वर्डशी त्याचा काही संबंध नाही. प्राध्यापकी लाथाडण्याचंही खोटं, कारण ‘ब्लॅक बर्ड’ आला तेव्हा तो तिथे शिकवतच होता. एका नावातलं एक अक्षर ज्याला तपासावंसं वाटलं नाही, त्यानं दुसऱ्याच्या साधनेचा निवाडा करू नये.

‘एका रात्रीत’ हे तर धादांत खोटं. बर्डचे वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. चर्चमधलं गाणं त्याच्या घरातलंच होतं. १९६३ मध्येच त्यानं गायकवृंद घेऊन गॉस्पेलच्या वळणाचा अल्बम ध्वनिमुद्रित केला होता. १९६९ च्या ‘फॅन्सी फ्री’मध्ये इलेक्ट्रिक पियानो आला. १९७० च्या ‘इलेक्ट्रिक बर्ड’चं तर नावच सगळं सांगतं. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसला जाऊन केलेल्या ‘इथिओपियन नाइट्स’मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांचं फंक आहे. म्हणजे माणूस या वाटेनं वर्षानुवर्षं चालत आला होता. ज्यांनी त्याचं पन्नाशीच्या दशकातलं वादन ऐकून थेट १९७३ मध्ये कान उघडले, त्यांना ती एक रात्र वाटली.

आता ते ‘दोन अडाणी, बाजारू निर्माते’. हे वाचून मी फोन खाली ठेवला होता. लॅरी मिझेल आणि फॉन्स मिझेल हे दोघे भाऊ हॉवर्ड विद्यापीठाचेच विद्यार्थी. लॅरी शिक्षणानं इलेक्ट्रिकल इंजिनिअर. अपोलो मोहिमेत चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या चाचण्यांवर त्यानं काम केलं होतं. फॉन्स स्वतः ट्रम्पेट वाजवायचा आणि मोटाउन कंपनीतल्या त्या चौघांपैकी एक होता ज्यांनी जॅक्सन फाइव्ह या गटासाठी ‘आय वॉन्ट यू बॅक’ आणि ‘एबीसी’ रचली. दोन्ही गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. यांना अडाणी म्हणायचं? हे पोरगे लोकप्रिय गाणं कसं बांधतात हे अमेरिकेतल्या कोणाहीपेक्षा जास्त जाणत होते, आणि १९७२ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये बर्डसाठी वादक कोणते गोळा केले तेही बघा. क्रुसेडर्स या गटातले जो सॅम्पल आणि विल्टन फेल्डर, बासवर चक रेनी, गिटारवर डेव्हिड टी. वॉकर, ड्रम्सवर हार्वी मेसन. हे मेसनचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेकॉर्ड लावा आणि पहिलंच ‘फ्लाइट टाइम’ ऐका. विमान उडण्याचा आवाज येतो. मग बास आणि ड्रम्सचा ठेका बसतो, असा की मान आपोआप डोलायला लागते, आणि त्यावर बर्डचा ट्रम्पेट. घाई नाही, आपण किती जलद वाजवतो हे दाखवायची हौस नाही. सूर ठेवतो, थांबतो, ठेक्याला पुढे जाऊ देतो आणि मग पुढचा सूर ठेवतो. रॉजर ग्लेनची बासरी आहे. सगळे एकमेकांसाठी जागा सोडून वाजवतायत. जागा सोडणं ही काय चीज आहे हे ज्यानं कधी कोणाला साथ केली आहे त्याला विचारा.

थोडं मान्यही करतो, कारण खोटं बोलून बर्डची बाजू लढवायची मला गरज नाही. हो, इथे ट्रम्पेटचे एकल तुकडे आखूड आहेत. सॅक्सोफोनवादक पेपर ॲडम्सच्या साथीनं १९५८ ते १९६१ च्या काळात बर्ड जसा सुसाट, लांबच लांब वाजवायचा, तसा इथे वाजवत नाही. बहुतेक चाली लॅरीच्या आहेत. मधूनमधून जे गातात ते काही गायक नव्हेत, आवाज पातळ आहेत आणि शब्द साधे, कधी कधी फारच साधे. आणि हो, ही रेकॉर्ड खपावी असं बर्डला वाटत होतं. नाचणाऱ्या तरुण मंडळींच्या घरात ती वाजावी असं वाटत होतं. यातलं काहीही त्यानं लपवलं नाही. पण ‘खपावी म्हणून केली’ आणि ‘म्हणून वाईट केली’ या दोन वाक्यांच्या मधली जागा फॉरवर्डवाल्यानं ऐकून भरलेली नाही. ठोकून दिली आहे.

ब्लू नोट बुडवली म्हणे. १९३९ मध्ये आल्फ्रेड लायननं सुरू केलेली ही कंपनी साठीच्या दशकाच्या मध्यावरच लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीला विकली गेली होती. लायन १९६७ मध्ये निवृत्त झाला, त्याचा जोडीदार फ्रान्सिस वुल्फ १९७१ मध्ये वारला. म्हणजे ज्या जुन्या ब्लू नोटसाठी फॉरवर्डवाला गळा काढतोय, ती ‘ब्लॅक बर्ड’च्या आधीच सरली होती. उलट त्या पडत्या काळात हीच रेकॉर्ड कंपनीच्या तोवरच्या इतिहासातली सर्वाधिक खपाची ठरली. आणि ब्लू नोटला गल्ल्याचं वावडं कधीच नव्हतं. १९६४ चा ली मॉर्गनचा ‘द साइडवाइंडर’ विसरलात का? तोही ट्रम्पेटवादक, तोही पायांना ताल धरायला लावणारा ठेका, तोही धडाक्यानं खपला. त्याला आज कोणी पाप म्हणत नाही.

नाव कोणी घेत नाही, या मुद्द्यावर फार शब्द घालवत नाही. ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ आणि ‘मेन सोर्स’ या हिप-हॉप गटांनी बर्ड-मिझेल जोडीच्याच ‘थिंक ट्वाइस’चे तुकडे घेऊन गाणी केली. १९९३ मध्ये रॅपर गुरूनं ‘जॅझमॅटॅझ’ काढला तेव्हा साठीतला बर्ड स्वतः जाऊन त्यात वाजवून आला. २००० साली अमेरिकी सरकारच्या कला निधीनं त्याला ‘जॅझ मास्टर’ केलं. विसरलेल्या माणसाच्या वाट्याला हे येत नाही.

आता ते शेवटचं वाक्य, ज्यानं माझ्या भाच्याचं काम घालवलं. खरा कलावंत पैशाचा विचार करत नाही. नेमकं बर्डच्या नावाखाली हे लिहावं, याच्याइतका उलटा दाखला शोधून सापडणार नाही. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकनं आपल्या आत्मचरित्रात सांगितलेली हकिगत आहे. ती सगळी सांगतो, कारण ‘ब्लॅक बर्ड’चं मूळ मला तिथे दिसतं.

१९६०-६१ चा हिवाळा, शिकागो. बर्डचा पियानोवादक बर्फाच्या वादळात अडकून पडला. विशीतल्या हॅनकॉकला ऐनवेळी बोलावलं. त्याचं वादन ऐकून बर्डनं त्याला न्यूयॉर्कला नेलं आणि ब्रॉन्क्समधल्या स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. १९६२ मध्ये बर्डच म्हणाला, आता तुझी स्वतःची रेकॉर्ड व्हायला हवी, जा ब्लू नोटकडे. जाण्याआधी पढवलं : ते तुझ्या चालींचे प्रकाशन हक्क त्यांच्या कंपनीकडे मागतील. तू नाही म्हणायचं. ते म्हणतील, मग रेकॉर्ड होणार नाही. तरी नाही म्हणायचं.

पोरगा घाबरला होता. पहिली रेकॉर्ड, समोर आल्फ्रेड लायन आणि वुल्फ. त्यांनी हक्क मागितले. यानं नाही म्हटलं. ते म्हणाले, मग जमणार नाही. हा उठला आणि दाराकडे निघाला. दारापाशी पोचायच्या आत त्यांनी त्याला परत बोलावलं. हक्क हॅनकॉककडेच राहिले.

त्या चालींत एक होती ‘वॉटरमेलन मॅन’. लहानपणी शिकागोच्या गल्लीत कलिंगडवाल्याची गाडी दगडी रस्त्यावरून खडखडत यायची, त्या आठवणीवर बांधलेली. पुढच्याच वर्षी क्यूबाच्या मोंगो सांतामारियानं ती वाजवली आणि ती अमेरिकेच्या पहिल्या दहा गाण्यांत गेली. हक्क कंपनीला दिले असते तर त्या कमाईतला मोठा वाटा परभारे गेला असता. १९७३ मध्ये ‘हेड हंटर्स’ या स्वतःच्या फंक अल्बमवर हॅनकॉकनं हीच चाल नव्यानं वाजवली. तिची नवी बांधणी कोणाची? हार्वी मेसनची. तोच, ‘ब्लॅक बर्ड’वर ड्रम्स वाजवणारा.

अमेरिकेत कृष्णवर्णीय वादकांच्या चाली चार डॉलर हातावर टेकवून कायमच्या लिहून घेतल्या जात, हा काही फार जुना इतिहास नव्हता. बर्डनं तो डोळ्यांनी पाहिला होता. म्हणून त्यानं १९७६ मध्ये, चाळिशी उलटून गेल्यावर, कायद्याची पदवी घेतली. म्हणून हॉवर्डमधल्या विद्यार्थ्यांचा ‘ब्लॅकबर्ड्स’ हा गट उभा केला, की पोरांनी वर्गाबाहेर पडून खऱ्या बाजारात उभं राहून शिकावं. त्यांचं ‘वॉकिंग इन रिदम’ १९७५ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोचलं. हाच माणूस तरुणपणी पॅरिसला जाऊन नामवंत संगीतगुरू नादिया बुलांजे यांच्याकडे रचना शिकून आला होता, आणि पुढे त्यानं कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून डॉक्टरेटही केली. संगीत आणि हिशेब ही दोन्ही त्याला विद्याच वाटत होती आणि दोन्ही त्यानं मन लावून शिकवल्या.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. गोव्याचा आंतोनियो वाझ, ज्याला मुंबई चिक चॉकलेट म्हणायची, ताजमध्ये जॅझचा ट्रम्पेट वाजवायचा आणि आपल्या चितळकर अण्णांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, सिनेमासंगीतातही वाजवायचा. १९५१ च्या ‘अलबेला’त तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. त्याचं घर त्यावर चालायचं आणि अण्णांच्या गाण्यांना तो स्विंग त्यामुळे मिळाला. भाच्याला शिकवणारे सरही गोव्याचे, उमेदीची सगळी वर्षं रेकॉर्डिंगमध्ये वाजवलेले. मंगळवारी त्याला तेच विचारलं : अरे, सरांनी साधना सोडली होती का? बराच वेळ तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “सर रोज पहाटे रियाज करतात.”

शनिवारी तो माझ्याकडे येतोय. ‘फ्लाइट टाइम’ आधी ऐकणार आहोत. रिसेप्शनवाल्यांचा नंबर अजून त्याच्याकडे आहे. मग तो माझ्यासमोर त्यांना फोन करणार आहे, आणि बिदागी किती सांगायची आणि किती कमी म्हटल्यावर उठून दाराकडे निघायचं, ते आम्ही फोन लावायच्या आधी ठरवणार आहोत.