टॅक्सी आडवी कशी लावावी

टॅक्सीच्या धंद्यात ज्यांचे आयुष्य गेले आणि मोबाइलवरून गाडी मागवणाऱ्या पिढीने ज्यांच्या तोंडचा घास पळवला, अशा सर्व बंधूंना लढा कसा द्यावा याविषयी काही सूचना कराव्यात, असे बरेच दिवस मनात होते. ॲपवाल्या कंपन्यांना विरोध करण्याचे शास्त्र आता बरेच पुढे गेले असून लंडन, पॅरिस, बार्सिलोना आणि न्यू यॉर्क येथे त्याचे मोठमोठे प्रयोग पार पडले आहेत. त्या प्रयोगांचे निकाल काय लागले, याकडे मात्र आपण लक्ष देऊ नये, कारण निकाल पाहून लढणारा माणूस लवकर खचतो.

मोठ्या लढ्याची तयारी रोजच्या स्टँडवर होत असते. समजा, रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत, पावसाची सर आलेली आहे आणि एका हातात बॅग व दुसऱ्या हातात म्हाताऱ्या आईचा दंड धरून एक गृहस्थ आपल्या खिडकीशी वाकले आहेत. अशा वेळी काच पूर्ण खाली घेऊ नये. ती चार बोटेच खाली घ्यावी, म्हणजे प्रश्न आत येतो आणि पाऊस बाहेर राहतो. आपण फक्त ‘कुठे?’ एवढेच विचारावे आणि ठिकाण ऐकल्यावर समोर पाहत मान अशी हलवावी की तो नकार आहे की मान अवघडली आहे, हे गृहस्थांना कळू नये. तिसऱ्या गाडीच्या खिडकीवरून परतल्यावर ते खिशातून मोबाइल काढतील, आईच्या डोक्यावर छत्री धरून एका अंगठ्याने काहीतरी दाबतील आणि सात मिनिटांनी एक पांढरी गाडी त्यांच्यापुढे येऊन थांबेल. त्या क्षणी आपल्याला जो संताप येईल तो वाया घालवू नये. पुढे मोर्चात तो उपयोगी पडतो. (हे मी ऐकीव सांगत नाही. ती छत्री माझी होती.)

मीटरबाबतचे धोरण सर्वांना पाठ आहे, तेव्हा त्यावर फार लिहीत नाही. जाता जाता एवढेच आठवते की लंडनमध्ये १९०७ साली मीटर सक्तीचा झाला आणि ‘टॅक्सी’ हा शब्दच मुळी त्या टॅक्सीमीटरच्या नावातून आला. ज्या यंत्रावरून आपले नाव पडले त्याच यंत्रावर फडके टाकून ‘बोला, किती द्याल?’ असे विचारण्यात जे स्वातंत्र्य आहे, ते ॲपच्या चालकाला स्वप्नातही मिळत नाही. गर्दीच्या वेळी ॲपने दर दुप्पट केला की त्याला सर्ज म्हणतात आणि त्यामागे गणित असते. आपण तेच करतो तेव्हा त्यामागे अनुभव असतो, हा फरक प्रवाशाला समजावून सांगण्याच्या भानगडीत मात्र पडू नये.

आता मुख्य विषयाकडे वळतो. विरोधाचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे रस्ता अडवणे. ११ जून २०१४ रोजी लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्यांनी हजारोंच्या संख्येने ट्रॅफल्गर चौकाच्या आसपास गाड्या उभ्या करून शहराचा मध्यभाग बंद पाडला, आणि त्याच दिवशी पॅरिस, माद्रिद, मिलान, बर्लिन येथेही टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले. निषेध उबर नावाच्या कंपनीचा होता. लंडनमधील कितीतरी लोकांनी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले असणार. दुपारी त्यांना कुठेतरी जायचे होते, टॅक्सी तर सगळ्या आंदोलनात होत्या, आणि टीव्हीवर दर दहा मिनिटांनी एका पर्यायाचे नाव सांगितले जात होते. आपल्याकडे नोंदणी करणारांची संख्या आधीच्या आठवड्याच्या तुलनेत ८५० टक्क्यांनी वाढली, असे कंपनीने संध्याकाळी जाहीर केले. कंपनीचा आकडा आहे, तेव्हा थोडा जपूनच घ्यावा. पण एवढी जाहिरात विकत घ्यायची तर केवढा खर्च आला असता, याचा अंदाज त्यांच्या हिशेबनिसाला नक्कीच असेल. तेव्हा बंद पुकारताना प्रतिस्पर्ध्याचे नाव फलकावर शक्य तितक्या मोठ्या अक्षरांत लिहावे आणि शुद्धलेखन तपासून घ्यावे, म्हणजे शोधणाऱ्याला ॲप लगेच सापडते.

नुसते अडवून समाधान होत नसेल तर पॅरिसचा धडा गिरवावा. २५ जून २०१५ रोजी तेथे टायर जळाले, विमानतळाचे रस्ते बंद झाले, आणि कोर्टनी लव्ह ही अमेरिकी गायिका ज्या गाडीत बसली होती तिच्यावर हल्ला झाला. हल्ल्यासाठी गाडी निवडताना आत कोण आहे हे आधी पाहू नये. तिच्या हातात मोबाइल असतो, तिला लाखो लोक वाचतात आणि ती गाडीत बसल्या बसल्या सगळे जगाला कळवते, हे नंतर समजण्यातच मौज आहे. त्या दिवसानंतर सुमारे आठवड्याभराने कंपनीने परवाना नसलेल्या चालकांची आपली स्वस्त सेवा फ्रान्समध्ये थांबवली, हे कबूल केले पाहिजे. मात्र परवाना असलेल्या चालकांची सेवा चालूच राहिली आणि प्रवाशांच्या मनात जळणारे टायर राहिले.

इथे एक गोष्ट सांगणे कर्तव्य समजतो. २०२२ साली या कंपनीची अंतर्गत कागदपत्रे फुटली, तेव्हा तिचे तत्कालीन प्रमुख ट्रॅव्हिस कॅलनिक यांचा २०१६ मधला एक संदेश जगाने वाचला. पॅरिसमध्ये चिडलेले टॅक्सीवाले रस्त्यावर असताना आपल्या चालकांना तिथे उतरवणे धोक्याचे ठरेल, असे सहकारी सुचवत होते आणि हिंसा झाली तर यश पक्के, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले होते. त्यांच्या वतीने या अर्थाचा इन्कार करण्यात आला. काहीही असो, आपण दगड उचलतो तेव्हा कुठेतरी वातानुकूलित खोलीत कोणीतरी समाधानाने खुर्चीत मागे रेलते, ही शक्यता ध्यानात आल्याने आपला नेम ढळू देऊ नये.

रस्त्यावर जे जमले नाही ते कायद्याने जमवावे. या बाबतीत पंधरा मिनिटांच्या नियमाइतकी सुंदर कल्पना वाहतुकीच्या इतिहासात विरळा. २०१३ च्या अखेरीस फ्रान्सच्या सरकारने असा हुकूम काढला की ॲपवरून मागवलेल्या गाडीने मागणी आल्यापासून पंधरा मिनिटे प्रवाशाला आत घ्यायचे नाही. दृश्य डोळ्यांसमोर आणावे: गाडी दोन मिनिटांत दारात आली आहे, दिवे लावून उभी आहे, चालक आत बसून घड्याळ पाहतो आहे, प्रवासी बाहेर उभा राहून घड्याळ पाहतो आहे, दोघांत एका दाराचे अंतर आहे आणि ते दार तेरा मिनिटे उघडायचे नाही. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्येच या नियमाला स्थगिती दिली. पण चांगली कल्पना मरत नाही. स्पेनमधल्या बार्सिलोनात टॅक्सीवाल्यांनी जानेवारी २०१९ मध्ये शहराचा हमरस्ता अडवून ठेवल्यावर काताल्युन्या या तिथल्या प्रांताच्या सरकारने पुन्हा तोच पंधरा मिनिटांचा काटा बाहेर काढला, आणि खरोखरच उबर व कॅबिफाय या दोन्ही कंपन्यांनी १ फेब्रुवारीपासून सेवा बंद केली. विजय निर्विवाद होता. उबर २०२१ साली तिथे परतली ती टॅक्सीवाल्यांनाच आपल्या ॲपवर घेऊन, हा तपशील विजयाच्या भाषणात येण्याचे कारण नाही.

आपल्या बाजूने असलेले खरे मुद्दे मात्र शक्यतो लपवून ठेवावेत. लंडनचा काळी टॅक्सी चालवणारा माणूस शहराच्या मध्यातील चेअरिंग क्रॉस या चौकापासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करतो. १८६५ पासून चालत आलेल्या त्या परीक्षेला ‘नॉलेज’ असे सार्थ नाव असून ती पार करायला तीन-चार वर्षे जातात. २००० साली संशोधकांनी अशा चालकांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा जागांची आठवण ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा आढळला. एवढी विद्या जगातल्या फार थोड्या धंद्यांना लागते. अशा मेंदूचा उत्तम उपयोग म्हणजे कोणत्या वस्तीत जायचे नाही, कुठून परतीचे भाडे मिळत नाही आणि कोणत्या वळणावरून नवख्या माणसाला दोनदा नेता येते, हे लक्षात ठेवणे. नाहीतर नकाशा बंद पडलेल्या एखाद्या संध्याकाळी आपण प्रवाशाला गल्लीबोळातून वेळेवर स्टेशनवर पोचवाल, तो पुढच्या वेळी हात दाखवून आपल्यालाच थांबवील आणि आंदोलनातली हवाच निघून जाईल.

न्यू यॉर्कचे उदाहरण देताना सूर थोडा बदलतो, त्याला इलाज नाही. तिथे १९३७ च्या कायद्याने टॅक्सीच्या परवान्यांची, म्हणजे बॉनेटवर ठोकलेल्या त्या धातूच्या बिल्ल्यांची, संख्या मर्यादित केली. सुरुवातीला त्याचे शुल्क १० डॉलर होते. २०१४ च्या सुमारास तोच बिल्ला १० लाख डॉलरच्या वर विकला गेला. शहर सरकारने स्वतः त्याचे लिलाव केले, सावकारांनी कर्जे दिली, आणि दूर देशांतून आलेल्या चालकांनी म्हातारपणाची सोय म्हणून ती उचलली. मग ॲपच्या गाड्या कोणत्याही बिल्ल्याशिवाय हजारोंनी रस्त्यावर आल्या, बिल्ल्याची किंमत कोसळली आणि कर्ज तेवढेच राहिले. २०१८ या एका वर्षात तिथल्या अनेक चालकांनी आत्महत्या केल्या. ज्याने नियम पाळला तो बुडाला आणि ज्याने नियमच नाकारला त्याला शेअर बाजारात मानाची जागा मिळाली, हे सांगायला टायर जाळावे लागत नाहीत. २०२१ मध्ये चालकांनी सिटी हॉलबाहेर ठिय्या दिला, त्यातील काहींनी १५ दिवस उपोषण केले, प्रत्येकाच्या कर्जाचा आकडा लोकांपुढे मांडला, आणि अखेर कर्जाची मुद्दल १,७०,००० डॉलरवर आणून शहराने त्याची हमी घेतली. असले मार्ग आपण टाळावेत. त्यात लोकांची सहानुभूती मिळते, आणि ती एकदा मिळाली की सुट्टे पैसे नाहीत म्हणून सांगणे जड जाते.

ॲपवर गाडी चालवणाऱ्याशी तर मुळीच बोलू नये. कंपनी त्याच्या भाड्यातून किती कापते, दोन वाईट रेटिंग आल्यावर आयडी कसा बंद होतो आणि बंद झाल्यावर तक्रार ऐकायला माणूस कसा सापडत नाही, हे तो सांगू लागेल आणि त्याच्याबद्दल उगीच आपुलकी वाटू लागेल. ब्रिटनमध्ये उबरला तिच्याच चालकांनी न्यायालयात खेचले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारांचे हक्क दिले. ट्रॅफल्गर चौकातल्या सगळ्या भोंग्यांनी मिळून त्या कंपनीच्या खिशाला एवढी झळ लावली नव्हती. पण शत्रू एकदा ठरला की तो बदलू नये, गोंधळ होतो.

आपण ज्या परंपरेचे पाईक आहात ती किती जुनी आहे, हेही सांगायला हवे. सतराव्या शतकात लंडनच्या टेम्स नदीवर नाव वल्हवून लोकांची ने-आण करणारे हजारो नावाडी होते आणि भाड्याच्या घोडागाड्या आल्या तेव्हा त्यांनी असाच आकांत केला. जॉन टेलर नावाच्या एका नावाड्याला लिहिण्याचा नाद होता. त्याने या गाड्यांना पोटभर शिव्या घातल्या. पहिल्या चार्ल्स राजाने १६३६ मध्ये फर्मान काढले की शहराबाहेर निदान तीन मैल जायचे असेल तरच भाड्याची गाडी घ्यावी. पंधरा मिनिटांच्या नियमाचे हे पणजोबा म्हणावे लागतील. त्या वेळी नव्या वाहनाचा निर्लज्ज, परवाना नसलेला, प्रामाणिक माणसाचे पोट मारणारा मालक जो होता, तोच आपला पूर्वज.

म्हणून मोर्चा संपल्यावर फलक रस्त्यात टाकून जाऊ नयेत. सॅन फ्रान्सिस्कोत ऑगस्ट २०२३ मध्ये चालकच नसलेल्या टॅक्सींना रात्रंदिवस भाडे घेण्याची परवानगी मिळाली, आणि काही लोकांनी त्यांच्या बॉनेटवर रस्त्यावरचा नारिंगी शंकू ठेवून त्या जागच्या जागी थांबवूनही दाखवल्या. त्या गाड्या आपल्याकडे पोचतील तेव्हा ॲपवाले चालक आपल्या स्टँडवर येतील, थोडे संकोचून उभे राहतील आणि जुने फलक मिळतील का, म्हणून विचारतील. ते जरूर द्यावेत. फक्त प्रतिस्पर्ध्याचे नाव आतापासूनच रंगाने न लिहिता खडूने लिहिलेले असावे.