लग्न त्याचं, घाणा माझा

रात्री अकरा चाळीसला फोन थरथरला. कुणीतरी मला एका नव्या ग्रुपमध्ये ओढलं होतं. ग्रुपचं नाव : 'बाळ्याचे शेवटचे दिवस'. पोटात धस्स झालं. दुपारीच तर बाळ्या ऐरोलीच्या टपरीवर भेटला होता, चांगला दोन वडापाव खात होता. मग खालचा मेसेज दिसला. 'भावांनो, गोवा. तीन रात्री. पर हेड बारा.'

या 'बारा'कडे जरा नीट बघा. बारा काय? रुपये? लाडू? पूर्वी बायका जशा नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं अशा ग्रुपांत 'हजार' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. बारा, पंधरा, अठरा, एवढंच. शून्यं ज्याची त्याने समजून घ्यायची. 'पर हेड' म्हणजे आपलं दरडोई. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात दरडोई उत्पन्न शिकलो होतो. दरडोई खर्च शिकायला नोकरी लागावी लागली आणि मित्रांची लग्नं ठरावी लागली.

मी लगेच उत्तर दिलं नाही. असा मेसेज वाचून गप्प बसणारे आम्ही बरेच जण होतो, हे ग्रुपवरच्या शांततेवरून कळत होतं. प्रत्येक जण दुसरा कधी 'जमणार नाही' म्हणतोय याची वाट पाहत होता. शेवटी डॉक्टरने (हा डॉक्टर नाही, पहिल्या वर्षाला डीफार्म सोडलेला आहे, पण नाव चिकटलं) 'आय अॅम इन' असं लिहिलं आणि मग पटापट सगळे 'इन' झाले. मीही झालो. बाराही माझ्याकडे नव्हते, पण 'नाही' म्हणायची हिंमत त्याहून नव्हती.

आता गोव्याला जायचं तर आमच्यासारख्या डोंबिवलीकरांनी ठाण्याला कोकणकन्या पकडावी, रात्रभर झोपावं आणि सकाळी मडगावला उतरून चहा प्यावा. पण रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, आणि आमच्या ग्रुपचं एकमत 17 दिवस आधी झालं. मधले दिवस 'व्हिला की रिसॉर्ट' यावर गेले. तोवर गाडीची वेटिंग लिस्ट लग्नाच्या पंगतीएवढी लांबली होती. मग विमान. मला जाऊन येऊन 6,400 पडले. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, वर पेडण्यात मोपा आणि खाली दाबोळी. आमचा व्हिला आसगावात, म्हणजे मोपाच्या बाजूला. डॉक्टरने 400 रुपये वाचवले आणि दाबोळीचं तिकीट काढलं. तिथून आसगावपर्यंतच्या टॅक्सीला त्याचे 2,200 गेले. हे 2,200 त्याने हिशेबाच्या अॅपमध्ये 'प्रवास, सर्वांसाठी' या खात्यात टाकले. तो एकटाच होता टॅक्सीत. विचारलं तर म्हणाला, 'मी आलो ते तुमच्यासाठीच ना?'

या अॅपबद्दल बोलायलाच हवं. खर्च कुणीही करावा, त्यात टाकावा, आणि यंत्र सांगणार की तू अमक्याचे 312 रुपये आणि तमक्याचे 87 रुपये देणं लागतोस. गावाकडे सावकार निदान वर्षातून एकदा दारात यायचा. हा दर अर्ध्या तासाने खिशात वाजतो. शिवाय नवरदेवाला पैसे नाहीत, हा नियम. आम्ही बारा जण होतो, बाळ्या वजा जाता अकरा. व्हिलाचे तीन रात्रींचे 72,000 या अकरा डोक्यांवर वाटले गेले, दरडोई 6,545. बाळ्या मात्र तिन्ही दिवस तरणतलावात म्हशीसारखा डुंबत होता आणि मधूनच ओरडायचा, 'अजून काय मागवायचं?'

मी पीत नाही. यात माझा काही मोठेपणा नाही, मला त्याने पित्त होतं. पण न पिणाऱ्याला या मैफलीत दोन कामं असतात : स्कूटर चालवणं आणि पैसे भरणं. दारूचा खर्च समान वाटायचा असं ठरलं, कारण 'आता कोण कुणाचे ग्लास मोजत बसणार?' मी मोजत बसलो असतो, मला वेळच वेळ होता. मी तीन दिवसांत चार लिंबूसोडे प्यालो आणि माझ्या नावावर 2,900 रुपयांची दारू निघाली. ती कुणाच्या पोटात गेली हे मला नेमकं सांगता येईल. वर डॉक्टर समजूत घालत होता : 'अरे वेड्या, हीच दारू मुंबईत दुप्पट पडली असती. म्हणजे जेवढी जास्त प्यालो, तेवढे तुझे पैसे वाचवले.'

टी-शर्ट राहिलेच. दरडोई 450. छातीवर 'नवरदेवाची गँग' असं छापून घ्यायचं होतं. छापणाऱ्याच्या संगणकावर 'गँ'चा चंद्र उडाला आणि अनुस्वार तेवढा उरला. 'नवरदेवाची गंग' अशी अक्षरं छातीवर मिरवत आम्ही अकरा जण वागातोरच्या किनाऱ्यावर ओळीने चाललो होतो. एका आजोबांनी थांबवून विचारलं, 'काशीयात्रेहून आलात का?'

परतलो तेव्हा पर हेड बाराचे 19,640 झाले होते.

मला वाटलं, सुटलो. पण गोवा हा नुसता मुहूर्त होता, पुढे हळद होती आणि संगीत होतं. आमच्या घरात लग्नाआधी घाणा भरतात. मुसळाला आंब्याची पानं बांधायची, सवाष्णींनी जात्यावर हळकुंडं दळायची, ओव्या म्हणायच्या. मग तीच हळद आंब्याच्या पानांनी पाय, गुडघे, खांदे, कपाळ अशी नवऱ्याला लावायची आणि उरलेली, म्हणजे उष्टी, नवरीकडे पाठवायची. एकूण खर्च पाव किलो हळकुंडांचा. बाळ्याच्या हळदीचा आमचा खर्च हळदीवर झालाच नाही, पिवळ्यावर झाला. ड्रेसकोड होता 'मॅरिगोल्ड'. माझ्याकडे मागच्या मित्राच्या हळदीचा पिवळा कुर्ता होता, पण तो 'मस्टर्ड' निघाला. त्याच्या आधीचा 'लेमन' होता. कपाटात तीन पिवळे कुर्ते ओळीने टांगलेत, कावीळ झालेल्या तिळ्यांसारखे. नवा 1,899 ला.

गंमत म्हणजे हळद लावलीच नाही. लॉनवाल्यांनी पाटी लावली होती : हळद सांडल्यास दंड 5,000 रुपये. बाळ्याच्या गालावर करंगळीएवढी हळद लागली, फोटोग्राफर 'होल्ड, होल्ड' म्हणाला, आणि बाकी वेळ आम्ही त्याच्यावर झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. पाकळ्या झाडून काढता येतात.

संगीताचं पत्रक आलं तेव्हा आई शेजारीच भाजी निवडत होती. 'ड्रेसकोड : पेस्टल' असं मी मोठ्याने वाचलं.

'पेस्टल म्हणजे रे कुठला?'

'फिका रंग. धुवून धुवून विटल्यासारखा.'

'मग बाबांचा तो दुकानाच्या उद्घाटनाचा शर्ट आहे की.'

शर्ट खरोखरच पेस्टल होता, कॉलरपाशी तर पूर्ण पेस्टल. पण जाकीट भाड्याने घ्यावंच लागलं, 1,500. नाच बसवणाऱ्या मुलाचे दरडोई 900. त्याने मला मागच्या रांगेत खांबाआड उभं केलं आणि सांगितलं, 'दादा, तुम्ही फक्त हात हलवा.' म्हणजे 900 रुपये देऊन मी खांबामागे हात हलवले. डोंबिवली स्टेशनवर आठ सतराच्या लोकलला तेच फुकट करतो. वर 'सरप्राइज गिफ्ट'चे 2,000. आणि या सगळ्याच्या शेवटी पत्रिका आली, तिच्यावर ठळक अक्षरांत : 'कृपया आहेर आणू नयेत. आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.' माझ्या उपस्थितीची किंमत तोवर 25,939 झाली होती, म्हणून त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

हा आकडा मी आईला सांगितला. मला वाटलं, आई हळहळेल. तिने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली आणि तिच्यातून आहेराची वही काढली. लांबट, लाल पुठ्ठ्याची. पहिलं पान तिच्या स्वतःच्या लग्नाचं. कुणी काय दिलं, पुढे त्यांच्याकडे कार्य निघालं तेव्हा आपण काय फेडलं, सगळं समोरासमोर. 'रु. 11 व ब्लाउजपीस.' 'स्टीलचा डबा, 3 नग, झाकण सैल.' एका नोंदीपुढे नुसतं लिहिलं होतं, 'भिंतीवरचं घड्याळ (पाचवं)'.

'आमच्या वेळी केळवणं असायची,' मी जणू तिच्याच वेळचा असल्यासारखा म्हणालो. 'श्रीखंडपुरी करायची, नवरदेवाला जेवायला बोलवायचं, हातावर नारळ ठेवायचा, संपलं. आता बघ.'

'मग केळवणाचा खर्च कोण करायचं?' आई वही झटकत म्हणाली. 'नवरदेव? बोलावणारेच करायचे ना? तुझ्या बाबांना एका महिन्यात चौदा केळवणं झाली. पोटभर न जेवता घरी आले नाहीत एकदाही. अंगरखा होईना लग्नात. तुम्ही बाळ्याला केळवणच केलंत, नुसतं आसगावात केलंत.'

यावर मला काही बोलता येईना. तरी मी म्हटलं की श्रीखंडाला 19,640 लागत नाहीत. तर ती म्हणाली, 'तुम्हाला पुरी लाटता येत असती तर लागले नसते.'

हे लिहिताना मला आमच्या वर्गातल्या एका आगरी मित्राची हळद आठवते. डोंबिवलीच्या पलीकडचं गाव. निमंत्रण म्हणजे फोनवर एक वाक्य : 'हलद हाय, ये.' ग्रुप नाही, ड्रेसकोड नाही. मी ऑफिसातून तसाच गेलो, गळ्यात ओळखपत्रासकट. मांडवात धवलारीण बाई धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात बसली होती, बाहेर बेंजो, आणि अख्खं गाव पंगतीला. तांदळाची भाकरी, मटण, वर पुन्हा मटण. माझ्या निळ्या शर्टाला त्याच्या आत्याने दोन्ही हातांनी हळद फासली आणि म्हणाली, 'आता झाला पिवला.' माझा खर्च रिक्षाचा झाला, शंभरच्या आत. शर्टाचा डाग अजून गेलेला नाही. त्या रात्रीसाठी त्याच्या बापाने कुठे काय गहाण ठेवलं असेल, हे मात्र मी विचारलं नाही. भाकरी घेताना असलं सुचत नाही.

तर असा चार लग्नांनी रिकामा होऊन मी पंचांगाच्या नादी लागलो. एरवी कॅलेंडर मी मागच्या पानावरच्या मजकुरासाठी आणि दुधाच्या खाड्यांसाठी बघतो. आता सुतक, अस्त, चातुर्मास, सगळं पाठ झालंय. गुरूचा अस्त म्हटलं की मला भरून येतं. आणि 2026 साली तर देव पावला : ज्येष्ठ अधिक, 17 मे ते 15 जून. अधिक महिना, म्हणजे लग्न नाही, मुंज नाही, साखरपुडासुद्धा लोक टाळतात. पूर्ण एक महिना. भर उन्हाळ्यात मी एकटाच असेन की ज्याने मलमासाची अशी वाट पाहिली.

17 तारखेला सकाळी निवांत चहा पीत होतो. फोन वाजला. नवा ग्रुप. डॉक्टरचं लग्न नोव्हेंबरात ठरलं होतं.

'भावांनो, अधिकात लग्नं नाहीत, व्हिले रिकामे पडलेत, रेट उतरलेत. बॅचलर पार्टीला कुठे मुहूर्त लागतो? पर हेड पंधरा.'

बारा होते ते रेट उतरून पंधरा झाले होते. मी चहा खाली ठेवला. तेवढ्यात त्याच ग्रुपवर बाळ्याचा फोटो आला. तो सासुरवाडीला होता. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला बोलावून वाण द्यायचं. पाटावर बाळ्या, अंगावर नवा कोरा सदरा, पुढे तांब्याचं ताट, ताटात दिवा, आणि खसखशीचे, जाळी पडलेले, तुपात तळलेले तीस-तीन अनारसे. बाळ्याने खाली लिहिलं होतं : '33 आहेत रे! कोण खाणार एवढे?'

कॅलक्युलेटर काढावा लागला नाही. गेल्या चार महिन्यांत अकराचा पाढा मला झोपेत येतो. मी हिशेबाचं अॅप उघडलं, खर्चाचं नाव टाकलं 'अनारसे', भरणारा बाळ्या, वाटेकरी आम्ही अकरा, आणि ग्रुपवर लिहिलं :

'पर हेड तीन.'