"बॉडी नाही तर केस नाही" हा मेसेज पुढं पाठवू नका

आठवडाभर कोल्हापुरातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, आमच्या भावकीच्या ग्रुपवर तर तीनदा आला. जमिनीच्या वादातनं कुणाला उचलून नेऊन मारलं तरी कोर्टात काही टिकत नाही म्हणे. बॉडी नाही तर खून नाही, माणूस आपल्या पायानं गाडीत बसला तर अपहरण नाही, साक्षीदार फुटला की विषय संपला, जामीन झाला म्हणजे सुटलाच, तेव्हा घरच्यांनी पैसे घेऊन मिटवावं. ज्या घरातला माणूस दोन दिवस परत आला नाही त्या घरातली आई हे वाचते, म्हणून मला याचा एवढा राग येतोय.

बॉडीचं आधी बघू. आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याच्या अश्विनी बिद्रे, पोलीस अधिकारी, २०१६ ला बेपत्ता झाल्या. मृतदेह कधीच सापडला नाही, तरी पनवेलच्या सत्र न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप दिली. ती केस जमिनीची नव्हती, पण बॉडीचा नियम सगळ्या खुनांना एकच. मृतदेह मिळालाच पाहिजे अशी सक्ती नाही हे सुप्रीम कोर्टानं १९८१ मध्येच रामानंद खटल्यात सांगितलंय. आणि कुणीतरी मेसेजच्या खाली जोडलंय की सात वर्षं पत्ता लागला नाही तरच माणूस मेला असं धरतात, ते वारसनोंद, विमा असल्या कामाला लागतं, गुन्हा नोंदवायला सात वर्षं थांबा असं कायद्यात कुठंच नाही.

"स्वतःच गाडीत बसला" हा मुद्दा तर जमिनीच्या भांडणात सगळ्यात जास्त फसवतो, कारण तिथं बहुतेक वेळा ओढून नेत नाहीत, बोलवून नेतात. चल मोजणीवाले आलेत, बांधाचं आज मिटवूया, संमतीपत्रावर सही करून टाकू, असं म्हणून नेतात. कायद्यात जबरदस्ती जशी धरलीय तशीच फसवणूकही धरलीय, खोटं सांगून न्यायचं म्हणजे अपहरणच. खून करायच्या हेतूनं नेलं हे सिद्ध झालं तर पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३६४, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतलं १४०, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. शिवाय २००० साली कलकत्त्याच्या मीर मोहम्मद ओमर खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की अपहरण सिद्ध झालं आणि पुढं तो माणूस मेलेला सापडला तर नेणाऱ्यांनीच सांगायचं त्याचं काय केलं, आणि सांगितलं नाही तर कोर्ट त्यातनं अर्थ काढू शकतं.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. नुसता जमिनीचा वाद होता म्हणून कुणी दोषी ठरत नाही आणि ठरूही नये, कारण त्याच वादातनं खोटं नाव गोवलं जाऊ शकतं, सातबाऱ्यासाठी सख्ख्या चुलत्याचं नाव घालणारे लोकही आहेत. कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसताना जो परिस्थितीजन्य पुरावा लागतो त्याची साखळी कुठं तुटता कामा नये हे सुप्रीम कोर्टानं शरद सारडा खटल्यात १९८४ ला सांगितलंय ते योग्यच आहे. म्हणून सुरुवातीचे दिवस महत्त्वाचे. ढाब्याचं, पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, ते ताब्यात घ्या म्हणून पोलिसांना लेखी द्या आणि पोच घ्या. फुटेजची कॉपी असो नाहीतर कॉल रेकॉर्ड, सोबत ती नक्कल खरी असल्याचं प्रमाणपत्र लागतं, जालन्याच्या निवडणूक वादातल्या सुप्रीम कोर्टाच्या खोतकर निकालात २०२० ला हे पक्कं झालंय, तो कागद नाही म्हणून चांगला पुरावा वाया जाऊ शकतो.

साक्षीदार फितूर झाला तरी त्याची सगळी साक्ष धुऊन जात नाही, इतर पुराव्याशी जुळणारा भाग कोर्ट वापरू शकतं.

जामिनाचं तर साधं आहे, खुनात ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन मागायचा हक्कच मिळतो, त्याचा निर्दोष असण्याशी संबंध नाही, आणि साक्षीदारांना धमकावलं तर तो रद्दही होतो. जामीन रद्द करून घ्यायला हायकोर्टात जायचं तरी आता मुंबईला खेटे नकोत, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे खंडपीठासारखंच कोर्ट, इथंच कोल्हापुरात, सीपीआर दवाखान्यासमोर जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालंय.

राहिलं मिटवायचं. खून हा तडजोडीचा गुन्हाच नाही. स्टँपवर काहीही लिहून घेतलं तरी खटला सरकार चालवतं. पोलीस "चोवीस तास थांबा" म्हणाले तर तसा नियम नाही. नुसती मिसिंगची, म्हणजे बेपत्ता असल्याची नोंद नको, कोण घेऊन गेलं ते नावानिशी सांगून एफआयआर मागा, कुठल्याही ठाण्यात देता येतो. नाही घेतला तर तीच तक्रार लेखी पोस्टानं एसपींना, आणि तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे.